अधिवृक्क ग्रंथी आणि माझा तेला

माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, वर्गात आम्ही अ‍ॅड्रिनल म्हणायचो, आणि मागच्या बाकावरची पोरं तिला 'भेवाची गाठ' म्हणायची. शास्त्रीय नाव सोडून असं काही बोललं की मी त्यांच्यावर डाफरायचो. मनातून मात्र मला त्यांचंच नाव पटलेलं होतं. घाबरल्यावर छातीत जी धडधड होते, तळहाताला घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं, त्यात या गाठीचा मोठा हात असतो.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि तिथल्या नव्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो, तात्पुरता. हा 'तात्पुरता' शब्द माझ्या नावापुढे पदवीसारखा चिकटला होता. माझं घर केनवडकडचं, वांगी-कोथिंबिरीच्या बागाईतातलं. एम. एस्सी. झालेला मी घरातला पहिलाच. वडील म्हणायचे, नाही जमलं तर परत ये, तुझा वांग्याचा वाफा ठेवलाय. ते हे गमतीनं म्हणत, पण वाफा खरोखरच ठेवलेला होता आणि प्रत्येक सुट्टीत मला दाखवला जायचा.

त्या वर्षी भाद्रपदात विद्यापीठाची तपासणी ठरली. तपासणीला येणारे साहेब माझा प्रयोग बघणार, कॉलेजच्या समितीला मत सांगणार, आणि समिती मला कायम करणार किंवा वांग्यांकडे पाठवणार. समितीत ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते शेठजी माझे घरमालकच होते. कापडाचं दुकान, जैन घर, स्वभाव मऊ. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी राहायचो आणि तिथे राहायला लागल्यापासून कांदा-लसूण मी फक्त बाजारात दुरून पाहायचो.

शेठजींचं आणि माझ्या विषयाचं नातं मोठं अवघड होतं. प्रयोगशाळा बांधायला त्यांनी सढळ हातानं मदत केली होती, पण प्राणिशास्त्राच्या खोलीचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. ते मला म्हणायचे, "गावचे पोरं डॉक्टर झाले पाह्यजेत, सर. पण तुमचा बेडूक मी पाहू शकत नाई. तुमी आत काय करता थे मले सांगू नका अन् मी इचारत नाई." हा करार दोघांनाही सोयीचा होता.

आता प्रयोग काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ ध्यानात येईल. या ग्रंथीत एकात एक असे दोन भाग असतात, बाहेरचं आवरण आणि आतला गाभा. बाहेरच्या भागाला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीकडून रक्तावाटे हुकूम येतो, आणि मग तो ताणाच्या वेळी लागणारा रस सोडतो. आतला भाग अ‍ॅड्रिनलिन सोडतो, त्याला मज्जातंतूंचा हुकूम. एवढं सगळी पुस्तकं सांगत. पण मला गंमत वाटायची ती तिसऱ्या गोष्टीची. बाहेरच्या भागातला रस तिथल्या तिथे आत झिरपतो आणि तो मिळाला तरच गाभा नीट अ‍ॅड्रिनलिन तयार करतो. मज्जातंतूसुद्धा हुकूम देतो म्हणजे काय करतो, तर पेशीच्या अगदी कानाशी एका रसायनाचा थेंब सोडतो. म्हणजे हुकूम लांबून आला तरी खरं काम शेजारपाजारची कुजबुज करते.

वर्गात मी उदाहरण द्यायचो. कलेक्टरचा हुकूम अकोल्याहून निघतो आणि यथावकाश पोचतो. पण आपल्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले हे हुकुमाशिवाय, भिंतीवरून, भाजी निवडता निवडता सगळ्यांना कळतं. ग्रंथीतही तशी गल्ली असते. पोरं हसायची आणि परीक्षेत तेवढंच लिहायची, कलेक्टरसकट.

प्रयोग साधा होता. बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावात बराच वेळ चालत राहतं. त्याला दोऱ्यानं एक लेखणी जोडायची, काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं नळकांडं फिरवायचं, की ठोक्यांची रेघ उमटते. त्यावर अ‍ॅड्रिनलिनचे थेंब टाकले की रेघ उड्या मारायला लागते. त्यासाठी मी इंजेक्शनच्या कुप्या मागवून ठेवल्या होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी खोकं उघडलं तर सगळ्या कुप्यांचा रंग चहासारखा झालेला. अ‍ॅड्रिनलिन उजेडात आणि उष्णतेत बिघडलं की असंच होतं. आमच्या प्रयोगशाळेत थंड जागा एकच होती, ती म्हणजे शिपायाचा माठ, आणि तिथे मी कुप्या ठेवल्या नव्हत्या.

आता ताज्या ग्रंथीतून अर्क काढण्याशिवाय इलाज नव्हता. बकऱ्याची ग्रंथी चालते. पण दिवस पर्युषणाचे, जैनांच्या उपासतापासाचे. गावातल्या खाटकांची दुकानं त्या दिवसांत बंद असायची. मंगरूळपीरला मिळेल असं शिपाई म्हणाला. दुपारची एस. टी. पकडून मी स्टीलचा डबा घेऊन मंगरूळपीर गाठलं. तिथल्या खाटकाला गुर्द्याजवळच्या चरबीतली चिंचोक्याएवढी गाठ हवी हे समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला. त्यानं मला आधी वैद्य समजलं, मग जादूटोण्यातला समजलं आणि शेवटी कीव येऊन बऱ्याच गाठी दिल्या. डब्यात बर्फ भरला, गाठी आत ठेवल्या, झाकण घट्ट लावलं. मोहीम फत्ते झाल्याच्या आनंदात स्टँडवर गरम भजी खाल्ली, कांद्याची, पोटभर. ही भजी लक्षात ठेवा.

परतीच्या एस. टी.त खिडकीशी बसलो, डबा मांडीवर. गाडी सुटता सुटता एक गृहस्थ धोतर सावरत चढले आणि सगळी बस सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. शेठजी.

"अजी सर! तुमी इकडं कसे?"

"कामानं आल्तो, शेठजी."

"मी बहिणीकडं आल्तो. तिची अठाई चालू आहे, आठ दिवसाचा उपास. शाता इचारून आलो." कोणी तपस्या करत असलं की त्याच्या घरी जाऊन बरं आहे ना असं विचारायचं, त्याला शाता विचारणं म्हणतात. ते सगळं मला नीट समजावून सांगत असताना त्यांची नजर डब्यावर गेली.

त्या क्षणी माझ्या दोन्ही ग्रंथींनी जे काम केलं ते डब्यातल्या सगळ्या मिळूनही करू शकल्या नसत्या. कानात ठोके ऐकू यायला लागले. शेठजींनी पिशवीतून दशम्या आणि मेथीची चटणी काढली. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत आणि सूर्य तर खाली चालला होता.

"चला, काढा तुमचा डबा. संगं जेवू."

"नको, शेठजी."

"काहून? बहिणीकडच्या दशम्या आहेत. लाजता काय?"

"तसं नाई. आज... उपास हाय."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. तोंडाला कांद्याचा वास येत असेल म्हणून मी खिडकीबाहेर बघत बोललो. शेठजींच्या हातातली दशमी हातातच राहिली.

"उपास? पर्युषणाचा? तुमी?"

मी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली हे त्यांनी ठरवलं.

"अन् डब्यात काय हाय मंग?"

"बर्फ," मी म्हणालो. हे निदान वरवर खरं होतं.

"उपासाचं उकळलेलं पाणी थंड कराले! वा!" त्यांचे डोळे भरून आले. "घरात राहून गुण लागला, बापा. आज सहावा दिवस. म्हंजे आज, उद्या अन् परवा संवत्सरी. तीन उपास. तेला होते तुमचा, सर! तेला!"

नाही म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात रस्त्यातला खड्डा आला आणि डबा मांडीवरून घसरला. शेठजींनी तो हवेतच धरला. "द्या इकडं. उपाशी माणसानं वजन धरू नाई." मी डब्याची कडी सोडेना, ते सोडीनात. बसमधले लोक बघायला लागले. शेवटी त्यांनी डबा ओढूनच घेतला आणि पर्युषणाच्या सहाव्या दिवशी, पांढऱ्या स्वच्छ धोतरावर, बकऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी मांडीवर घेऊन ते वाशीमपर्यंत आले. वाटेत त्यांनी मला उपासाचं महत्त्व सांगितलं. मला फक्त डब्याच्या तळाशी जमलेला ओलावा दिसत होता आणि तो पाण्याचाच असू दे एवढी एकच प्रार्थना मी करत होतो.

स्टँडवर उतरल्यावर मी डबा ताब्यात घेतला, कॉलेजात काम आहे सांगून सुटलो, आणि शिपायाच्या मदतीनं सगळ्या गाठी बर्फासकट प्रयोगशाळेतच ठेवल्या. त्या घरात त्यातलं काही नेलं नाही, याचंच मोठं समाधान मानत घरी आलो.

दारात गल्ली जमली होती.

शेठजींनी फक्त आपल्या पत्नीला सांगितलं होतं. बाईजींनी फक्त शेजारणीला. शेजारणीनं भिंतीवरून पलीकडे. कलेक्टरचा हुकूम अजून अकोल्याच्या वेशीबाहेरही पडला नसता, तोवर माझा तेला गल्लीच्या त्या टोकाला पोचला होता. बायका पदर सावरून एकेक करून यायच्या, हात जोडायच्या आणि विचारायच्या, "शाता आहे नं, सर?" आहे म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर वैद्य बोलावतील. मी हात जोडायचो. त्यानं माझी कीर्ती आणखी वाढली, कारण तपस्वी कमी बोलतो.

त्या रात्री भज्यांनी साथ दिली. सकाळी मात्र बाईजींनी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या दारात आणून ठेवला आणि मला कळलं की आता यापुढे एवढंच आहे. पळवाट शोधली नाही असं नाही. खानावळीच्या वाटेवर गेलो, तर खानावळवाल्यानंच दारात येऊन हात जोडले, "ऐकलं, सर. धन्य आहे तुमची." ज्या माणसाकडे पोळी मागायची तोच पाया पडायला लागला, की करायचं काय? गल्लीतल्या प्रत्येक दारात माझ्या उपासावर कोणी ना कोणी पहारा करून राह्यलं होतं, आणि तेही सगळं प्रेमानं.

तपासणीचे साहेब अकरा वाजता आले. उंच, कोरडे, चष्म्यातून बघणारे. शेठजी समितीतर्फे आले आणि ठरल्याप्रमाणे व्हरांड्यात खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून बसले. मी आत बेडकाच्या हृदयाला दोरा बांधला. उपाशीपोटी माझे हात थरथरत होते आणि काजळीच्या कागदावर हृदयाआधी माझीच रेघ उमटते की काय असं झालं. मग ग्रंथीच्या गाभ्याचा अर्क घेतला आणि दोन थेंब टाकले. क्षणभर काही नाही. मग रेघेनं जी उसळी घेतली, ती कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. बाहेरच्या आवरणाचा अर्क वेगळा टाकला, तर रेघ जागची फारशी हलली नाही. मी शेजारपाजारचा सिद्धांत मांडला, भिंतीवरची कुजबुजही सांगितली. फक्त कलेक्टर गाळला, कारण साहेब सरकारी दिसत होते.

साहेब पहिल्यांदाच हसले. बोलत बोलतच आम्ही व्हरांड्यात आलो, शेठजींच्या खुर्चीसमोर. आणि तिथे त्यांनी विचारलं, "बाजारच्या कुप्यांनी इतकी चांगली रेघ मी पाहिलेली नाही. अर्क कशाचा होता?"

शेठजी तीन हातांवर. त्यांची नजर माझ्याकडे, तपस्व्याकडे बघावं तशी. कुपीचाच आहे साहेब, एवढं म्हटलं असतं की सगळं सुरळीत. साहेब खूश, शेठजी खूश, मी कायम. पण खोटं रचायलाही अंगात बळ लागतं आणि माझ्या पोटात कालच्या भज्यांनंतर काही नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलणं मला जमेना.

"बकऱ्याच्या ग्रंथीचा, साहेब. कुप्या खराब झाल्या होत्या. काल मंगरूळपीरहून ताज्या आणल्या. डब्यात, बर्फात घालून."

"उत्तम!" साहेब म्हणाले. "असा शिक्षक सोडू नका हो, शेठजी."

 शेठजींनी सावकाश मान खाली घातली आणि स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मग उठले, साहेबांना नमस्कार केला आणि चालत फाटकाबाहेर गेले. मला वांग्याचा वाफा स्पष्ट दिसायला लागला, आळ्यांसकट.

दुसरा दिवस संवत्सरीचा, पर्युषणातला शेवटचा. घरातली सगळी मंडळी सकाळपासून स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी. मी खोलीत पडून होतो. आता कोणासाठी उपास धरायचा, हा प्रश्न होता. शेठजींना सगळं कळलं होतं. खोलीत मुरमुऱ्यांचा डबा होता, शेंगदाणे होते. पण मला ते तोंडात घालवेना. बाहेर बायका येऊन अजून शाता विचारत होत्या, म्हणजे शेठजींनी घरातही कोणाला काही सांगितलं नव्हतं. संतापून ओरडले असते तर मी दोन शब्द ऐकून घेतले असते आणि रात्री जेवलोही असतो. त्यांच्या गप्प बसण्यानं माझ्या पोटात जो खड्डा पडला त्यापुढे भूक काहीच नव्हती. मला लाज वाटत होती, आणि ती कुठल्या ग्रंथीतून येते ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

पुढे पुष्कळ वाचलं. त्या ग्रंथीत कुजबुजणारे आणखीही निघाले. सेरोटोनिन निघालं, हिस्टामिन निघालं, बाहेरचा भाग आतल्याला चिथावतो तसा आतला बाहेरच्याला चिथावतो हेही निघालं. वरून हुकूम नसतानाही शेजारी एकमेकांना जागं ठेवतात. वाचताना मला दर वेळी ती खोली आठवते, आणि दारापलीकडून येणारं "शाता आहे नं?"

पारण्याच्या दिवशी सकाळी, सूर्य वर आल्यावर, दारावर थाप पडली. बाहेर शेठजी, मागे बाईजी, त्यांच्या हातात मुगाच्या पाण्याची वाटी. खोली रिकामी करा असं ऐकायची माझी तयारी होती. शेठजींनी दोन्ही हात जोडले आणि माझ्यासमोर वाकले. माझ्या वडिलांपेक्षा वयानं मोठा माणूस.

"मिच्छामि दुक्कडं, सर. वर्षभरात माह्या हातून, तोंडातून, मनातून तुमाले काही दुखलं असन, तर माफी द्या."

"शेठजी, असं काय करता! माफी मी मागाले पाह्यजे. बसमध्ये मी खोटं बोललो. त्या दिवशी मी उपाशी नव्हतो. भजी खाल्ली होती. कांद्याची. अन् थो डबा—"

"मले डबा मालूम झाला."

"तुमच्या मांडीवर होता, शेठजी."

"तुमी कुठं दिला? तुमी तर सोडत नव्हते. मीच हिसकून घेतला." त्यांनी जोडलेले हात आणखी वर घेतले. "म्हनूनच माफी मांगून राह्यलो. कोनाच्या हातची चीज अशी ओढू नाई. अन् परवा फाटकातून निघालो तवा मनात तुमच्यावर राग धरला होता. त्याची बी."

 मग ते हिशेबी माणसासारखे गंभीर झाले.

"पन मले एक सांगा. भजी खाल्ल्यावर काही खाल्लं काय?"

"नाई. पाण्याबिगर काही नाई."

"काल बी नाई? सगळं उघडं पडल्यावर बी?"

"नाई."

"मंग तेला नाई झाला," शेठजी म्हणाले. "परवाचा अन् कालचा, दोन उपास. बेला झाला. तपस्येत उगाच जास्त सांगू नाई, सर. मी गल्लीत दुरुस्त करून टाकतो."

मी हसलो की रडलो ते सांगता येत नाही, दोन्ही एकाच वेळी झालं. समितीचं त्यांनी जाता जाता सांगितल्यासारखं सांगितलं. परवा फाटकातून निघाले ते थेट समितीच्या अध्यक्षांकडेच गेले होते आणि मला कायम करायला होकार देऊन आले होते. राग होता तरी दिला होकार? असं मी विचारलं. ते म्हणाले, "राग माहा होता. नौकरी तुमची होती." आणि वर, साहेबासमोर तुम्ही खोटं बोलला असता तर मात्र गेलो नसतो, असंही म्हणाले.

बाईजींनी वाटी पुढे केली. मुगाचं ते कोमट, बिनमिठाचं पाणी मी एका दमात प्यायलो. पोटात ऊब उतरली, डोळे पुसले, कायम झाल्याची बातमी हळूहळू डोक्यात शिरायला लागली. वडिलांना कसं कळवायचं, वाफ्याचं काय करायचं, असे विचार सुरू झाले. मी आणखी पाणी मागितलं. बाईजी हलल्या नाहीत. मी वर पाहिलं, तर शेठजी अजून तसेच हात जोडून उभे होते.

"सर, माफ केलं म्हना नं," बाईजी हळूच म्हणाल्या. "त्यायचा बी कालपासून उपास आहे. तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर थे पारणं करत नाईत."